एकट्या माणसाचं यंत्र

जगदेवकाकांनी आयुष्यात व्यायाम म्हणून काहीही उचललं नाही. जे उचललं ते कुणीतरी विकलेलं आणि कुणीतरी विकत घेतलेलं होतं. आधी ज्वारी, मग तूर, हरभरा, आणि पुढे पुढे नुसतं सोयाबीन. डोणगावच्या धान्यबाजारात चाळीस वर्षं हमाली करून ते घरी बसले, तेव्हा त्यांच्या माने-खांद्याच्या मधे एक खोलगट जागा तयार झाली होती. तिथं आता टॉवेल असायचा. तो कधी घसरत नसे.

ते आमच्या समोर राहायचे. रस्त्याच्या या बाजूला आमचा ओटा, त्या बाजूला त्यांचा. काकू गेल्यापासून एकटेच होते. मुलगा नाशिकला कारखान्यात. सकाळी दोन भाकरी स्वतः थापायचे आणि मग ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं वजन करायचे. नजरेनं. तेही किलोत नाही, कट्ट्यात. कट्टा म्हणजे पन्नास किलोचं पोतं. मी त्यांच्या हिशेबी सव्वा कट्टा. माझा नवरा दीड कट्टा, "पन ढिला भरलेला."

मी मेहकरच्या सरकारी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. कुणी आकडा सांगितला की तो पडताळून पाहिल्याशिवाय मला जेवण जात नाही. दवाखान्याच्या काट्यावर मी चढले. बासष्ट किलो आठशे. मग काहीतरी निमित्त काढून नवऱ्याला तिथं नेलं. पंच्याहत्तर किलो दोनशे. ढिला किती भरलाय हे काटा सांगत नाही, पण त्यासाठी काट्याची गरजही नव्हती.

काकांची दुसरी सवय म्हणजे ठेवण्याची. चहाचा पेला असो की पाण्याची कळशी, त्यांनी खाली ठेवलेल्या वस्तूचा आवाज होत नसे. गॅसवाल्यानं सिलिंडर दाणकन आपटला की ते ओट्यावरून ओरडायचे, "अबे, त्याले काय पाय हायेत का? त्यानं सोताच उतरा लागते का?" गॅसवाला हसायचा. काका हसायचे नाहीत. "उचलणारे लई भेटतात," ते म्हणायचे, "ठेवणारा दाखव."

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय काका माझ्या घरात का आले ते कळणार नाही. मी याद्या करते. वाणसामानाच्या सगळ्याच करतात. मी लग्नाला जाताना कुणाशी काय बोलायचं त्याचीही करते. एकदा माझ्या दिवसभराच्या यादीत पहिली ओळ 'यादी करणे' अशी सापडली आणि तिच्यावर टिक केलेली होती. नवऱ्यानं ते पान फाडून पाकिटात ठेवलंय. पाहुणे आले की काढतो.

तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या हाडांची तपासणी झाली आणि डॉक्टर बाईंनी सांगितलं, हाडं पातळ होताहेत, गोळ्या देते, पण वजन उचलायला लागा. मी लगेच हो म्हणाले. त्याला कारण होतं. माझी आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि शेवटची तीन वर्षं तिला दोघा-तिघांनी उचलूनच इकडचं तिकडं करावं लागलं. प्रत्येक वेळी ती "बस्स, बस्स, मीच उठते" म्हणायची आणि उठायची नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, मला कुणी उचलायची वेळ येऊ द्यायची नाही. डॉक्टरांनी हे जानेवारीत सांगितलं. मी पहिलं वजन उचललं एप्रिलमध्ये. मधले तीन महिने माझी यादी चालू होती.

गावात व्यायामशाळा आहे, पण तिथं सगळी विशी-बाविशीची पोरं, आणि भिंतीभर आरसे. मी घरीच करायचं ठरवलं. आमची कोठीची खोली रिकामी होती, पोती आत घेता यावीत म्हणून दार जवळजवळ भिंतभर रुंद. घरी एकटीनं वजन उचलायचं तर पॉवर रॅक घ्यावा, असं मला मोबाइलवरच्या सगळ्या तज्ज्ञांनी सांगितलं. पॉवर रॅक म्हणजे चार लोखंडी खांबांची माणसाहून उंच चौकट. खांबांना खालून वरपर्यंत भोकं असतात, त्यांना नंबर असतात. पाहिजे त्या नंबरवर आकडे (हुक) अडकवायचे, त्यावर लांब लोखंडी दांडा, म्हणजे बार, टेकवायचा. बारच्या दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या घालायच्या, बार खांद्यावर घ्यायचा आणि चौकटीच्या आत उठाबशा काढायच्या. वाचायला सोपं आहे.

मी वहीत दहा रॅकचा तक्ता केला आणि तपासण्याचे एकतीस मुद्दे लिहिले. पत्र्याची जाडी, भोकांमधलं अंतर, खोलीची उंची, पंख्याची पाती, रंग काळा की लाल (मुद्दा क्रमांक चौदा), गंज लागल्यास कोण येणार. दुकानदारांना फोन केले. पहिल्यानं विचारलं, "मॅडम, सर किती वजन मारतात?"

मी म्हटलं, "सर पेपर उचलतात. मी मारणार आहे."

तिकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मग मॅडम, हलक्यातला दाखवतो, गुलाबीमध्ये पण आहे."

एक दिवस मी ओट्यावर वही घेऊन बसले होते. काका रस्ता ओलांडून आले. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे, त्यामुळे ते पाय बाजूनं फिरवून टाकायचे. मी त्यांना फोनवर रॅकचा फोटो दाखवला.

"हा तं बैलाच्या खुराले पत्र्या मारायचा खोडा हाये."

"नाही काका, याच्यात माणसानं उभं राहायचं. वजन उचलायचं."

"कायले?"

"हाडांसाठी."

"कोनाचं वजन?"

"कुणाचंच नाही. लोखंडाचं. उचलायचं अन् परत ठेवायचं."

त्यांनी फोटोकडे पुन्हा पाहिलं. चाळीस वर्षं ज्यानं वजन इथून उचलून तिथं पोचवलं, त्याला ही गोष्ट पटवणं अवघड होतं. पण त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. विचारलं, "अन् पडलं तं कुठं पडते?"

"काय?"

"दम सुटला. पाय लटपटला. पडलं. तं कुठं पडते? तुह्या आंगावर का जमिनीवर?"

मी वही चाळली. सत्तावीस नंबरला लिहिलं होतं, 'आडवे सुरक्षा दांडे, वेगळे घ्यावे लागतात, आवश्यक नाही.' पुढे मीच कंसात लिहिलं होतं, (वगळणे). बार सुटला तर तो अंगावर न येता या दांड्यांवर अडकावा, एवढंच त्यांचं काम. खरं तर रॅकचं तेवढंच काम. एकतीस मुद्द्यांतला तोच मी सोडला होता. रंगावर मात्र अर्धं पान होतं.

"दांडे असतात, काका," मी हळूच म्हटलं.

"घे मंग थे पयले. अन् हात लावायले कोन राहीन?"

"कुणी नाही लागत. एकट्यानं करता यावं म्हणूनच तर रॅक."

"म्हंजे एकट्या मानसाचं यंत्र हाये," ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात नाही, ओट्यावर ठेवला. आवाज न करता.

जाता जाता त्यांनी खोली पाहिली. मूठभर हरभरा मागितला. मी दिला, जरा घाईतच, कारण मला टेप घेऊन भिंती मोजायच्या होत्या. त्यांनी हरभरा फरशीच्या मधोमध हळूच सोडला. दाणे थोडे थांबले आणि मग सगळे मिळून दाराकडे निघाले.

"ही खोली बाहीर वाह्यते, माय."

"काका, मला तिथं हरभरा नाही ठेवायचा. शंभर किलोचं लोखंड ठेवायचंय."

"हाव," ते म्हणाले. "लोखंडाले उतार कळत नसन."

सामान आलं ते पार्सलच्या ट्रकनं. ड्रायव्हरला आमची गल्ली अरुंद वाटली म्हणून पाच खोकी फाट्यावर उतरवून तो निघून गेला. मी खोक्यांच्या बाजूला यादी घेऊन उभी राहिले आणि पाचांवर टिक केलं. मग लक्षात आलं, 'घरी कसे नेणे' असा मुद्दा यादीत नाही.

काकांना कुणी सांगितलं माहीत नाही. ते आले, एका खोक्याला पायानं ढकलून पाहिलं, म्हणाले "पाऊन कट्टा," आणि रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या माणसाला हाक मारली, "हात लाव बे."

तो थांबला. मोटरसायकल लावली आणि आला. पुढचा आला. त्याच्या पुढचाही. कुणी विचारलं नाही की कशाला, कुणाचं आहे. आमच्याकडे हे तसं नवीन नाही. डोक्यावर भारा घ्यायचा असला की बाई वाटेवर उभी राहते आणि येणारा कुणीही असो, त्याला 'हात लावा' म्हणते. पण बाजारात त्याचा नियम होता, आणि काका तो नियम पाळणाऱ्यांतले. त्यांच्याबरोबर दोन हमाल होते, त्यांचं शेताच्या बांधावरून भांडण होतं. एकमेकांशी बोलणं बंद. पण रोज एकमेकांच्या पाठीवर पोती चढवायचे. "बोलणं बंद, हात चालू," काका सांगायचे. "तोंडानं भांडा लागते. हातानं नाई."

दुसरा नियम 'येऊ दे'चा. दोघं पोतं वर उचलतात, तिसरा खाली वाकून पाठ देतो. पाय रोवून झाले, श्वास घेऊन झाला की तो म्हणतो, 'येऊ दे.' तोवर वरच्यांनी सोडायचं नाही. हात तुटो, सोडायचं नाही. काकांचा डावा गुडघा गेला तो एकदा आधीच सोडलं म्हणून.

"कुणी सोडलं होतं?" मी विचारलं होतं.

"नाव घेऊन काय करतं? त्याले वाटलं म्या म्हनलं."

पाचही खोकी खोलीत आली. रॅक उभा करायला नवऱ्याला आणि मला दोन दिवस लागले, आणि आमच्या लग्नातला बराचसा शिल्लक संयम. मग चकत्यांचं खोकं उघडलं. बारची टोकं जाडजूड, मनगटाएवढी. चकत्यांची भोकं बारीक, अंगठ्याएवढी. एकही चकती एकाही टोकावर जाईना. दवाखान्यात सुई आणि सिरिंज एकमेकींना बसते की नाही हे बघितल्याशिवाय मी एक खोकं ताब्यात घेत नाही. घरी मी काळा रंग बघितला होता. तो अगदी बरोबर आला होता.

मी चिडून बार खाली ठेवला आणि दुकानदाराला फोन लावायला बाहेर आले. माझ्या मागून तो बारही आला. आधी सावकाश, मग उंबऱ्यावरून ठणकन, आणि अंगणातून थेट नवऱ्याच्या स्कूटरच्या चाकापर्यंत. खोलीचा तो उतार मीच करून घेतलेला होता. बांधकामाच्या वेळच्या वहीत आहे, 'कोठीची खोली धुतल्यावर पाणी आपोआप बाहेर जावे.'

"सामान फिरायला निघालं काय?" नवरा म्हणाला.

काका समोरच्या ओट्यावर होते. ते उठून आले, खोलीत गेले, आणि कोपऱ्यात राहिलेला एक हरभऱ्याचा दाणा शोधून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मग आपल्या ओट्यावर परत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनशी एक जाड सागवानी फळी आणली. हमाल ट्रकमध्ये चढताना टाकतात तसली. ती कापून, तासून, रॅकच्या दाराकडच्या पायांखाली घातली. पुन्हा हरभरा मागितला, या वेळी फळीवर ठेवायला. दाणे जागच्या जागी राहिले. चकत्या बदलून यायला तीन आठवडे लागणार होते, तेवढ्यासाठी त्यांनी दाभणानं चार छोट्या पिशव्या शिवल्या आणि त्यांत हरभरा भरून सुतळीनं बारला टांगल्या. प्रत्येकी पाच किलो. मी लपून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या. एक पिशवी पाच किलो वीस ग्रॅम भरली.

"थे सुतळीचं वजन हाये," काका दारातून म्हणाले. मला ते दिसले नव्हते.

माझ्या यादीत पहिल्या आठवड्यासमोर लिहिलं होतं, 'पाच उठाबशा, पाच वेळा.' काकांनी पहिले चार दिवस मला एकही उठाबशी काढू दिली नाही. ते दारात बाजेवर बसायचे आणि म्हणायचे, "टाक." बार खांद्यावर घ्यायचा, अर्धं वाकायचं, आणि मुद्दाम दांड्यांवर सोडून द्यायचा. पुन्हा घ्यायचा, पुन्हा सोडायचा. "पयले पडाले शिक. ज्याले पडता येत नाई थो उचलताना भेते. अन् भेलेल्याचीच पाठ मोडते." चार दिवसांत ठणठणाटानं शेजारच्या बाई दोनदा विचारून गेल्या, घरात काही वाद आहे का.

पाचव्या दिवशी म्हणाले, "आता म्हन."

"काय?"

"येऊ दे."

"काका, कुणाला म्हणू? वर धरणारं कुणी नाहीये. लोखंडाचे आकडे आहेत."

"सोताले म्हन. पन म्हनल्याबिगर घेऊ नको."

मी म्हटलं. पन्नाशीला आलेली बाई, पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचे बूट घालून, कोठीच्या खोलीत भिंतीला 'येऊ दे' म्हणत उभी आहे. पण पाय रोवल्याशिवाय ते शब्द तोंडातून निघत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. काका मोजायचे बाजारासारखं. पहिल्याला एक म्हणत नसत. "लाभ. दोन. तीन. गुडघा आत चालला, उजवा. चार." माझा उजवा गुडघा वर येताना आत वळायचा. ते त्यांना सहन होत नसे. "आत नाई, बाहीर. थो गुडघा काय लाजून राह्यला का?"

मे महिन्यात एकदा मी दवाखान्यातून लवकर आले. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत काका रॅकच्या पायाशी जमिनीवर बसलेले. डावा पाय सरळ पुढे, उजवा दुमडलेला, आणि दोन्ही हातांनी खांब धरलेला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

मी पुढे झाले.

"हात नको लावू."

"काका, पडलात का?"

"बसलो. सोताहून बसलो. उठून राह्यलो. हात नको लावू म्हनलं ना."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या आईचं 'मीच उठते' मला ऐकू येत होतं, आणि हात आपोआप पुढे जात होते; मी ते पाठीमागे धरले. काकांनी एका भोकात बोटं अडकवली, मग वरच्या, मग त्याच्या वरच्या. चढत चढत गेले. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते. ती माझी सवय आहे, निर्दयपणा नाही. उभे राहिल्यावर ते खांबाला कपाळ टेकून थांबले आणि माझ्याकडे न बघता बोलले.

गेल्या वर्षी वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने. सगळे खाली सतरंजीवर बसतात. काकांना खाली बसल्यावर उठता येईना, म्हणून पोरांनी त्यांना प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. ते दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवसापासून विहारात जाणंच सोडलं.

"सारे खाली अन् म्या वर. समोर दोन्ही प्रतिमा. वाचणारा बी खाली. म्या काय साहेब हावो का खुर्चीवर बसाले?" मग खांबावरून कपाळ उचलून, "ह्या वर्षी खाली बसतो. खाली बसतो अन् सोता उठतो. तू मेहकरले गेली का म्या इथं येऊन राह्यलो. दहा-बारा दिस झाले."

मला राग यायला हवा होता. पडलं तर कुठं पडतं हे मला शिकवणारा माणूस बंद खोलीत एकटा प्रयोग करत होता. मी मात्र वही आणली.

काकांनी यादीची यथेच्छ टवाळी केली आणि ती तंतोतंत पाळली. स्टुलावर बसायचं, बार चौदा नंबरच्या भोकावर, तो धरून उठायचं. आठ दिवसांनी स्टूल काढून पाट. मग दोन उशा. बार बारावर, दहावर, आठवर. दारात बाजेवर आता मी बसायचे. "येऊ दे म्हणा आधी," मी म्हणायचे. "हाव, मास्तरीन," ते म्हणायचे, पण म्हणायचे. मोजणीही मीच करायचे, लाभापासून. जूनच्या शेवटी ते जमिनीवरून पाच नंबरचा आधार घेऊन उठले.

विहारात रॅक नव्हता. मी सकाळी झाडायला म्हणून गेले आणि टेप लावून आले. उजव्या बाजूच्या खिडकीची जाळी, तिचा खालचा गज, जमिनीपासून पाच नंबरच्या भोकाएवढाच उंच. बोटभर कमी. वहीत लिहिलं. झाडायचं राहून गेलं.

आषाढ पौर्णिमेला काका टॉवेल नीट घडी करून खांद्यावर टाकून विहारात आले. खुर्ची आणायला धावलेल्या पोराकडे त्यांनी असं बघितलं की तो खुर्चीसकट मागं फिरला. ते खिडकीपाशी खाली बसले. वाचन संपलं, सगळे चपला शोधत बाहेर गेले, आणि मग गज धरून ते उठले. सगळ्यात शेवटी. ते तीन महिने मी चप्पल शोधण्यात तालुक्यातली सगळ्यात मंद बाई होते. रोज हळूच मागे बघायचे आणि घरी येऊन टिक करायचे. मला वाटायचं, माझी यादी यशस्वी झाली.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा मुलगा त्यांना नाशिकला नेणार होता, डोळ्याच्या ऑपरेशनला. महिनाभराचंच काम होतं. ते परत आले नाहीत. थंडीत तिथंच गेले, झोपेत, आणि फोन आला तेव्हा मी दवाखान्यात खोकी मोजत होते. पण हे मला त्या संध्याकाळी माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी विहार गच्च भरला होता. खिडकीपाशी खिरीची पातेली आणि पत्रावळींचा ढीग. काकांना जागा मिळाली ती मधोमध. मी बायकांच्या रांगेतून बघत होते. चारही बाजूंनी माणसं, हाताला धरायला काही नाही. माझ्या यादीत सांगतेचा दिवस नव्हता. गर्दीचा मुद्दाच नव्हता.

वंदना झाली, सगळे उठले. काका बसलेले. त्यांनी उजवा पाय दुमडून घेतला, तळहात जमिनीवर टेकला, अर्धे वर आले आणि पुन्हा बसले. पुन्हा तेच. दोन तरणे गडी धावले आणि त्यांनी बगलेत हात घातले.

"हात नका लावू!"

सगळ्यांच्या माना वळल्या. गडी मागे सरले. कुणीतरी म्हणालं, खुर्ची आणा. काका खाली बघत होते. माझी आई अशाच वेळी भिंतीकडे बघायची. मग त्यांनी मान वर केली आणि बायकांच्या रांगेत शोधलं.

"माय," ते म्हणाले, "हात लाव."

इतक्या वर्षांत ते दोन शब्द मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले होते. दुसऱ्याच्या पोत्यासाठी, दुसऱ्याच्या भाऱ्यासाठी, माझ्या पाच खोक्यांसाठी. स्वतःसाठी कधी नाही.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ओढायचं नाही, एवढं ठाऊक होतं. पाय रोवले, गुडघ्यात वाकले, आणि उजवा हात आडवा धरला, पाच नंबरच्या उंचीवर. त्यांनी माझं मनगट धरलं. थांबले. माझ्याकडे बघत राहिले. ते कशासाठी थांबलेत हे कळायला मला एक श्वास लागला.

"येऊ दे, काका," मी म्हटलं.

आणि वजन आलं. सगळं एकदम नाही. आधी थोडं, मग पुरतं. मी वर आले आणि ते माझ्याबरोबर वर आले. उभे राहिले. मनगट सोडलं, हळूच, एखादी वस्तू ठेवावी तसं. सदरा खाली ओढला, टॉवेल सारखा केला. लोक पुन्हा बोलायला लागले. कुणीतरी खिरीचा द्रोण आणून त्यांच्या हातात दिला.

चपला घालताना ते माझ्याजवळ थांबले.

"उजवा गुडघा आत गेला तुहा," ते म्हणाले. "आल्यावर पाहू."